दारातला कर

कुरियरच्या रांगेत माझ्या पुढे दोघी जावा होत्या. थोरलीच्या हातात परदेशातून परत आलेलं खोकं, धाकटीच्या हातात तिकडेच निघालेलं. कान काही बंद करता येत नाहीत.

"जाऊबाई, परत का हो आलं?"

"गिऱ्हाइकाने घेतलंच नाही. दारात आयात कर मागितला म्हणे."

"मी तो इथेच भरते. बाहुलीच्या किमतीत धरते."

"म्हणून तुझी महाग! तरी तुझीच खपते. विणायला शिकवलं कोणी?"

"तुम्हीच."

"बघू त्या खोक्यावरचा पत्ता. अगं, हे तर माझंच गिऱ्हाईक!"

"तिनेच विचारलं, दारात पैसे मागणार का. मी म्हटलं, नाही."

"रोज शेजारी बसून जेवतेस, आणि तोंडातून ब्र नाही काढलास!"

"काढला असता, तर तुम्हाला घास गेला असता का?"

"पुढे या," काउंटरवरचा म्हणाला. "कर कोण भरणार? पाठवणारे की घेणारे?"

"पाठवणारे," धाकटी म्हणाली.

"आणि ताई, तुमचं काय?"

"माझंही पाठवणारेच. पत्ता हिच्या खोक्यावरचाच घाला. दोन पैसे जास्त घ्या, पण हिच्या आधी पोचलं पाहिजे."