छकुलीला न्यायला आलेले नाना

आवाज आणि स्पर्श न सोसणाऱ्या मुलांसाठी चालवलेल्या एका उपचाराच्या खेळघरात एक बाई आपल्या मुलाला आज पहिल्यांदाच घेऊन आली होती. आत पाठवावे की परत न्यावे, हे तिचे ठरत नव्हते. शेजारच्या बाकावर एका सासऱ्याची आणि सुनेची जुंपली होती.

“सूनबाई, छकुलीला मी आत्ताच घरी नेतो. झोके खेळायला दवाखाना लागतो होय?”

“नाना, तिला कपडे टोचतात. आवाज सोसत नाही.”

“तुम्हीच लाडावून ठेवलीय. आमच्या घराण्यात असली थेरं नव्हती.”

“मग तुमच्या प्रत्येक शर्टाचं लेबल मला का कापावं लागतं?”

“ते मानेला टोचतं.”

“आणि मिक्सर लावला की गच्चीवर का जाता?”

“कानठळ्या बसतात. तो विषय वेगळा.”

“बरं. ती आत त्या शांत कापडी तंबूत बसलीय. तुम्हीच घेऊन या.”

“आणतोच. बघ कशी येत नाही ते.”

नाना ताठ मानेने आत गेले. बऱ्याच वेळाने छकुली एकटीच बाहेर आली.

“अगं, नाना कुठायत?”

“तंबूत, माझ्या जड गोधडीखाली. म्हणाले, आईला सांग तुम्ही पुढे व्हा. आणि हळू सांग.”

शेजारच्या बाईने वाकून आपल्या मुलाच्या बुटांचे बंद सोडले.