आवाज येतोय का?

तो: तिथं नाही गं! त्याच्या शेजारचं. शेजारचं म्हणजे डावीकडचं. तुझा डावा हात कुठला, तेही आता मीच सांगू?

ती: डावीकडचंच दाबलं. काही झालं नाही. त्यांची तोंडं हलतायत, आवाज नाही.

तो: कसा येईल? सकाळपासून काहीतरी दाबत बसली असशील. लेकीनं हा लॅपटॉप धाडला तेव्हाच म्हटलं होतं मी, माकडाच्या हाती कोलीत.

ती: मी काही दाबलं नाही हो. तिनं सांगितलं तशी लिंक उघडली, तर सगळ्या दिसायलाच लागल्या. नर्सबाई आहेत, कोपऱ्यावरची शिंपीण आहे, ती पोस्टातली मुलगी आहे. आठ-नऊ जणी आल्यात. सुया-लोकर घेऊन बसल्यात बिचाऱ्या.

तो: बसू देत. रिकामटेकड्या आहेत, बसतील.

ती: जरा हळू बोला ना. पहिलाच तास आहे माझा.

तो: हळू कशाला? त्यांना कुठं ऐकू जातंय? तुला त्यांचा आवाज येत नाही, म्हणजे त्यांना तुझा जात नाही. वायर तुटली की दोन्हीकडचा दिवा जातो. साधी अक्कल आहे. सरक तिकडे.

ती: सरकले. शिंपीण कानाला बोट लावून दाखवतेय.

तो: मग मी काय म्हणतोय? ऐकू येत नाही म्हणतेय ती.

ती: पण मान हो-हो अशी हलवतेय.

तो: हो, हो, ऐकू येत नाही! आता प्रत्येकीच्या मानेचा अर्थ सांगत बसू का मी? दुकान टाकून आलोय. आवाजाची ही पट्टी वर सरकव. वर. अगं, वर म्हणजे आभाळाकडे! डोकं आहे का खोकं?

ती: बोटाखालून घसरतेय ती.

तो: घसरणारच. तू आणि वर्ग घेणार! चार माणसांत दोन ओळी धड बोलता येत नाहीत. माझ्या भावाच्या साठीला आभाराचे दोन शब्द बोलायला उठलीस आणि ततपप करून खाली बसलीस. विसरलीस? मी विसरलो नाही. मान खाली घालायला लागली होती मला.

ती: ते आत्ता कशाला?

तो: आत्ताच सांगायला हवं. लेकीनं हरभऱ्याच्या झाडावर चढवलंय तुला. आई, तुझ्या हातात कला आहे, आई, तू शिकव. विणकाम शिकायला कोण येतंय आजकाल? दुकानात रेडीमेड मिळतं. तुझ्या त्या नर्सबाई, त्यांना घरात बोलायला माणूस नाही, गप्पा मारायला कुणीतरी हवं, म्हणून येतात त्या. आणि शिंपीण येते ती दुसऱ्याच्या घरात काय चाललंय बघायला.

ती: अहो, खाली काहीतरी लिहून येतंय. एकामागून एक.

तो: त्याला हात लावू नकोस! जाहिरात असेल. एवढं साधं कळत नाही? तुला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

ती: सगळ्या हात हलवतायत आता.

तो: टाटा करतायत. कंटाळल्या असतील, चालल्या. बरं झालं. तू पण सांगून टाक, बरं नाहीये म्हणून. लोकांनी हसण्यापेक्षा ते बरं.

ती: पोस्टातल्या मुलीनं मान खाली घातलीय.

तो: मग मी काय करू?

ती: तुमचा फोन वाजतोय. बघा, नर्सबाईंचाच आहे.

तो: आण इकडे. हॅलो! बोला नर्सबाई, नमस्कार! गुडघा काय म्हणतोय? ती नवी गोळी मानवली ना? नाहीतर बदलून देतो, संकोच करू नका हं.

नर्सबाई: गुडघा बरा आहे. औषधवाले, आम्हाला तुमचा आवाज येतोय.

तो: येतोय? वा, वा! म्हणजे झालं की काम! मी तेच बघत होतो, नेमकी अडचण कुठं आहे ते. कधीपासून येतोय?

नर्सबाई: पहिल्यापासून.

तो: पहिल्यापासून म्हणजे?

नर्सबाई: माकडाच्या हाती कोलीत, तिथपासून.

तो: असं. सगळ्यांना?

नर्सबाई: सगळ्यांना. आम्ही खुणा करत होतो, लिहूनही पाठवलं. शेवटी म्हटलं फोनच करावा. आता असं करा, पडद्याच्या खालच्या बाजूला माईकचं चित्र असेल, ते दाबा. म्हणजे तुमचं बोलणं तुमच्यापाशी राहील. मग बाईंना आमचा आवाज का येत नाही, ते शांतपणे बघा. आम्ही थांबलोय.

तो: नर्सबाई, मघाशी मी जे तुमच्याबद्दल...

नर्सबाई: मी गप्पा मारायला येत नाही, औषधवाले. मला तो शिंपल्यांचा टाका शिकायचाय. ठेवते.

ती: काय म्हणाल्या? अहो, काय झालं? तोंड का उतरलं तुमचं?

तो: थांब. आधी हे दाबू दे. हं. झालं बंद.

ती: काय झालं बंद?

तो: माईक. चालू होता.

ती: वाटलंच मला.

तो: वाटलंच म्हणजे? तुला माहीत होतं?

ती: तोंडावरचा हात काढा. कॅमेरा चालू आहे. आवाज जात नसला तरी दिसतोय आपण त्यांना.

तो: मी उठतो इथून.

ती: उठलात तरी दिसेल. बसा. पडद्याकडे बघा आणि साध्या तोंडानं बोला, काहीतरी दुरुस्त करतोय असं.

तो: तुला माहीत होतं आणि तू मला बोलू दिलंस?

ती: माहीत नव्हतं. पोस्टातल्या मुलीनं मान खाली घातली तेव्हा शंका आली. मी साठीला ततपप केलं ते तुम्ही सांगत होतात, तेव्हापासूनच ती समोर बघत नव्हती. नंतर तर तिनं मान खालीच घातली.

तो: मग गप्प का राहिलीस? मला चिमटा काढायचा, पाय दाबायचा, काहीही.

ती: काही म्हटलं असतं तर तुम्ही त्यावरून आणखी बोलला असता. तेही त्यांनी ऐकलं असतं.

तो: असं करू. माईक लावतो आणि तू हसत हसत सांग, आमचं आपलं असंच चालतं, गंमत चालली होती म्हणून. नवरा-बायकोत होतं असं. लोक विसरतात.

ती: मी नाही सांगणार.

तो: अगं, उद्या मला दुकान उघडायचंय. त्या सगळ्या माझ्याकडे येतात. शिंपिणीच्या सासऱ्यांची औषधं, नर्सबाईंची गोळी. मी कुठल्या तोंडानं उभा राहू काउंटरवर?

ती: राहाल. तिथलं तोंड वेगळं आहे तुमचं. फोन घेतलात तेव्हा बघितलं ना मी. अर्ध्या क्षणात बदललं. शिंपिणीच्या सासऱ्यांना एक गोळी सकाळी, एक रात्री, हे तुम्ही रोज नव्यानं सांगता. एकदा मी मागं उभी होते, पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून दिलात तुम्ही त्यांना. मला इतकं भरून आलं होतं.

तो: ते म्हातारे आहेत. गिऱ्हाईक आहेत.

ती: हो ना.

तो: तसं नाही म्हणायचं मला.

ती: मला तुमची लाज वाटत नाही. माझी वाटतेय. इतकी वर्षं मी ज्याला त्याला सांगत आले, आमचे हे म्हणजे अगदी देवमाणूस, आवाज चढवून बोलत नाहीत कधी. नर्सबाईंना तर कितीदा सांगितलं असेल. त्या कौतुकानं ऐकायच्या. आज त्यांना कळलं, मी खोटं बोलत होते. आता त्यांच्यासमोर मीच सुई घेऊन बसायचं, आणि त्यांनी माझ्याकडे बघायचं.

तो: मी इतका वाईट आहे का गं?

ती: आत्ता नका विचारू. आत्ता मी तुम्हाला बरं वाटेल असं काहीतरी बोलून जाईन. सवय आहे मला. आधी आवाज बघा.

तो: बघतो. हे उघडतो. आवाज कुठून येतो, त्याची ही यादी. इथं लॅपटॉपचा स्पीकर असायला पाहिजे. हे तर...

ती: काय?

तो: काही नाही. होईल आता.

ती: काय आहे ते सांगा.

तो: आवाज माझ्या ब्लूटूथच्या हेडफोनकडे जातोय. काल मी यावर गाणी ऐकत होतो, ते जोडलेले तसेच राहिले. बंदही केले नव्हते.

ती: कुठं आहेत ते हेडफोन?

तो: दुकानाच्या पिशवीत. तिथं, खुंटीला.

ती: म्हणजे इतका वेळ त्या सगळ्या जणी तुमच्या पिशवीत बोलत होत्या.

तो: हो.

ती: म्हणजे मी काही दाबलं नव्हतं.

तो: नाही.

ती: तेवढं म्हणा. नीट म्हणा.

तो: तू काही दाबलं नव्हतंस. चूक माझी होती.

ती: बरं. लावा आता स्पीकर.

तो: लावला. येईल आवाज. माईक चालू करायच्या आधी, मी बोलू का त्यांच्याशी? दोन शब्द. माफी मागतो सगळ्यांची, हात जोडून.

ती: नको.

तो: मनापासून मागेन.

ती: मनापासूनच मागाल. आणि फार छान बोलाल. तुम्ही लोकांशी छानच बोलता. दोन मिनिटांत त्यांना वाटेल, किती मोठ्या मनाचा माणूस. आणि मी इथं शेजारी हसून मान डोलवत बसेन. आज नको ते. तुम्ही जा. दुकानात नाही तर आत जा, पण या खोलीत नको.

तो: जातो. लागलं काही तर हाक मार. हा माईक चालू केला.

ती: नाही लागणार. नर्सबाई, आता येतोय आवाज तुमचा. हो, येतोय. नाही, मी बरी आहे. म्हणजे... जाऊ दे. साखळीपासून सुरू करू या का? सुई सगळ्यांनी उजव्या हातात घ्या. माझे हात दिसतायत ना? आज कुठं चुकले तर तेवढं सांभाळून घ्या.

(वर्ग संपल्यावर. स्वयंपाकघर.)

तो: चहा ठेवलाय तुझा. झाकून ठेवलाय.

ती: तुम्ही दुकानात गेला नाहीत?

तो: निघालो होतो. दारापर्यंत जाऊन परत आलो. समोरून शिंपिणीचा नवरा येताना दिसला. काय म्हणाल्या त्या?

ती: टाक्याबद्दल विचारत होत्या. शिंपल्यांचा टाका नर्सबाईंना दुसऱ्या झटक्यात जमला. शिंपिणीचा हात फार घट्ट आहे, लोकर आवळते.

तो: माझ्याबद्दल कुणी काही?

ती: कुणी अवाक्षर काढलं नाही.

तो: हुश्श. चांगल्या आहेत बायका.

ती: चांगल्या आहेतच. पण कुणाला नवलही वाटलेलं दिसलं नाही. मला त्याचंच जास्त लागलं. मला वाटत होतं, कुणीतरी दचकेल, उठून जाईल. त्यांनी नुसती वाट बघितली, पाऊस थांबायची बघतात तशी.

तो: मी आतून ऐकत होतो. तू बोललीस छान. अडखळली नाहीस कुठं. एवढी छान बोलतेस ते मला माहीतच नव्हतं.

ती: आज नका काही चांगलं म्हणू.

तो: बरं.

ती: तास संपल्यावर सगळ्या गेल्या. पोस्टातली मुलगी तेवढी थांबली.

तो: टाका जमला नसेल तिला.

ती: तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. म्हणाली, काकू, एक विचारू? माईक बंद आहे, हे अगदी नक्की कसं ओळखायचं?

तो: का?

ती: मी पण तेच विचारलं. तर म्हणाली, उगीच. आमच्याकडे या वेळेला जरा मोठ्यानं बोलणं चालतं ना, म्हणून. आणि हसली. मला ओळखू आलं ते हसणं.

तो: लग्नाला वर्षसुद्धा झालं नसेल त्या पोरीच्या. नवरा येतो तिचा दुकानात. गोड बोलतो.

ती: बोलत असेल.

तो: तू काय सांगितलंस तिला?

ती: मला सांगता आलं नाही. मला तरी कुठं नीट येतंय? म्हटलं, विचारून सांगते. तर म्हणाली, कुणाला विचारणार?

तो: मग?

ती: तुमचं नाव घेतलं नाही मी. तोंडाशी आलं होतं, घेतलं नाही.

तो: आण तो लॅपटॉप इकडे. ठेव असा ओट्यावर. हे बघ, हे माईकचं चित्र. याच्यावर तिरकी लाल रेघ आली, की बंद. रेघ गेली, की चालू.

ती: तुम्ही नका दाबू. मला दाबू द्या.

तो: दाब. नाही, ते नाही. ते कॅमेऱ्याचं. त्याच्या डावीकडचं.

ती: हे?

तो: हां, ते. आली रेघ?

ती: आली. आता माझं काहीच बाहेर जात नाही?

तो: काही जात नाही.

ती: पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगा. सावकाश सांगा. तिला चुकीचं सांगून चालणार नाही.