पाच जणांची लढाई

नमस्कार. काकू, आणि इथे जमलेले सगळे. सिहोऱ्याहून काकांचे भाऊ आले, फॅक्टरीतले साथी आले, एवढ्या उन्हात आले. मला म्हणाले, दोन शब्द बोल. मी लिहून आणलं होतं. कागद पर्समध्ये आहे, पण काढावासा वाटून नाही राहिला. आणि मला रडूही येऊन नाही राहिलं. काकांना जाऊन आठ दिवस झाले, हे असंच आहे. सुन्न. कोणी वाईट मानू नका जी.

मी मंजिरी. रेल्वेच्या ऑफिसात आहे, इथेच विजय नगरात दोन गल्ल्या सोडून राहते. काकांची नातेवाईक नाही. दर रविवारी चार वाजता काकांच्या घरी पाच जण यायचे ना, त्यांच्यातली एक.

फॅक्टरीतल्या मंडळींना वाटायचं, दिलीपराव रविवारी पत्ते कुटतात. पत्ते नव्हते जी. तो गोष्टीचा खेळ आहे. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतले वीर. कोणी तलवारवाला, कोणी जादूगार. मी वैद्यीण, सगळ्यांच्या जखमा भरणारी. समोर राक्षस येतात, आणि वार लागला का चुकला, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. हा खेळ पुण्याहून मीच आणला. पहिल्या दिवशी गोष्टही मीच सांगितली. कॉलनीच्या हॉलमध्ये, इथेच. अर्ध्या तासात चारही जण मेले. माझ्या लांडग्यांनी खाल्ले.

काका हॉलची किल्ली द्यायला आले होते. उभे राहून पाहत होते. मग मला म्हणाले, "बेटा, तुझे हे लांडगे तपासणीतून पास झाले होते का?"

तीस वर्षं फॅक्टरीच्या तपासणी खात्यात काढलेला माणूस. दुसरं काय विचारणार?

पुढच्या रविवारपासून गोष्ट काका सांगायला लागले. आणि लढाई कशी मांडायची असते, ते मी त्यांच्याकडून शिकली. काकू, तुम्हाला तर पाठ आहे. शनिवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर मांडामांड. शत्रू म्हणजे काबुली चणे. आम्ही म्हणजे शर्टाची बटणं. पाच जण, पाच बटणं. माझं बटण लाल, काकूंच्या जुन्या स्वेटरचं. काका एकटेच दोन्हीकडून फासे टाकायचे. एक लढाई तीन वेळा लढायचे. तिन्ही वेळा आम्ही आरामात जिंकलो, तर दोन चणे वाढवायचे. दोन वेळा मेलो, तर लढाई फेल. पुन्हा मांडायची. काकू म्हणायच्या, यांच्या राक्षसांपायी माझ्या उसळीला चणे पुरत नाहीत.

मी विचारलं होतं, "काका, खेळच तर आहे, एवढं काहून करता?"

म्हणाले, "जिंकले तरी धाप लागली पाहिजे. आणि हरले तर चूक तुमची दिसली पाहिजे, मांडणाऱ्याची नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा. माझ्या लक्षात राहिलं नाही.

चार महिन्यांपूर्वी पुलावरची लढाई होती. समोर एकच राक्षस, पण दांडगा. माझी वैद्यीण पडायला आली होती. काकांनी राक्षसाचा फासा नेहमीसारखा समोर उभ्या केलेल्या पुठ्ठ्याच्या आड टाकला, पाहिला, आणि म्हणाले, "चुकला वार." मला शंका आली. मी उठली आणि पुठ्ठ्यामागे पाहिलं. फाशावर वीस होता. वीस म्हणजे वार लागलाच, जास्तीचाच लागला.

मी सगळ्यांसमोर म्हटलं, "काका, तुम्ही खोटं बोलून राहिले. फॅक्टरीतही असाच माल पास करत होते का?"

हो. असं म्हटलं मी. या माणसाला.

काकांनी चष्मा काढून पुसला, एवढंच. मी माझे फासे उचलले आणि घरी गेली. नंतर चार महिने त्या घराची पायरी चढली नाही. दर शनिवारी त्यांचा मेसेज यायचा. "उद्या चार वाजता." तेवढाच. मी वाचायची. उत्तर द्यायची नाही. माझंच बरोबर, असं वाटायचं. मग वाटायचं, आता कोणत्या तोंडाने जाऊ. असे चार महिने गेले.

इकडे बाकीचे चौघे दर रविवारी हरून राहिले होते. रजत भैया इथे बसला आहे, त्यानेच मला परवा सांगितलं. हा काकांना म्हणाला, "काका, बहुत भारी पड़ रहा है. हम चार हैं, और मरहम-पट्टी वाली भी नहीं है. कुछ कम करो ना." काका म्हणायचे, लढाई बरोबर आहे. तीनदा तपासली आहे. रजतला वाटलं, काका आता थकले, मांडणी चुकून राहिली.

त्या माणसाची मांडणी चुकेल?

गेल्या रविवारी सकाळी काका गेले. चहा घेता घेता. मी धावत गेली तेव्हा घरात माणसंच माणसं. जेवणाच्या टेबलाला मात्र कोणी हात लावला नव्हता. शनिवारची लढाई तशीच मांडलेली. मी चणे मोजले. उगाच. काय करावं ते सुचून नव्हतं राहिलं, म्हणून मोजले. अकरा चणे. चौघांना झेपणारच नाहीत एवढे. मग बटणं मोजली. पाच होती. लाल बटण मधोमध होतं.

काकू माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "मी विचारलं होतं त्यांना. येतात तर चौघेच, पाचवं काहून मांडता? म्हणाले, ती येईल. आली आणि लढाई चौघांचीच निघाली, तर तिला काय वाटेल?"

मग काकूंनी काकांची लढाया लिहायची वही माझ्या हातात दिली. पुलाच्या लढाईचं पान मी तिथेच उघडलं. खाली त्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं. "राक्षस जड झाला. दोनदाच तपासला होता, पाहुणे आले म्हणून. चूक माझी. शिक्षा पोरीला काहून?"

म्हणजे त्यांनी खोटा माल पास केला नव्हता. चूक सापडली, तिथल्या तिथे दुरुस्त केली. आयुष्यभर तेच तर करत आले होते. एवढं माझ्याजवळ बोलले असते, तर मी त्याच दिवशी पाया पडली असती. पण मी विचारलंच कुठे? मी फक्त ओरडली.

मला लाज वाटते. बाकी अजून काही वाटून नाही राहिलं. ते येईल मागून, मला माहीत आहे.

बस. जास्त नाही बोलत. काकूंनी आजची वेळ मुद्दाम चारची ठेवली. घड्याळात चार वाजत आहेत. रजत भैया, आणि खेळातले बाकीचे तुम्ही तिघेही, जरा इकडे माझ्याजवळ या. बाकी सगळ्यांनी जागेवरच उभं राहावं. दोन मिनिटं शांत राहू.

काका, चार वाजले. मी आली आहे. आम्ही पाच आहोत.