बेटावरचे सरडे

बेटावरच्या सरड्यांत काठावरचे मिसळले, की त्यांचं वेगळेपण पुसलं जातं का? मला कुणीच सांगितलं नाय.

जायकवाडीच्या पाण्यात एका टेकडीचं बेट झालं होतं. तिथले सरडे पिढी-पिढीनं वेगळे होतायत का, यावर माझा दादा विद्यापीठात अभ्यास करत होता. विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदात तो तापानं पडला, म्हणून सरडे मोजायला मला पाठवलं. मी काठावरचे पिशवीभर सरडे नेऊन तिथं सोडून आलो.

"येड्या, तीन वर्षं मातीत घातली माझी!"

"एकटे पडले होते, दादा. सोबत दिली."

तो कपाळाला हात लावून हसत सुटला.

त्याच तापात दादा गेला. त्याच्या अभ्यासाच्या वहीत शेवटी लिहिलं होतं, ‘सरडे मिसळले. चूक माझी.’

वही विद्यापीठात द्यायला गेलो, तेव्हा मी त्याच्या सरांकडं पेन मागितला, ‘माझी’ खोडलं अन् तिथं माझं नाव लिहिलं.