हौसाबाईनं मूठ धरली नाही

मंडळी, जरा पुढं सरका आणि मला एवढं सांगा — वाडवडिलांची रीत मोडली, तर ती भक्ती की उद्धटपणा? घाई नको. आधी हौसाबाईला भेटा.

माणकेवाडीची हौसाबाई. काळ्या रानाचं, शाळूचं, म्हणजे रब्बी ज्वारीचं गाव. तिथली रीत अशी, की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पेरणी, आणि तिफणीच्या चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या लाकडी वाटीवर, बियाची पहिली मूठ हौसाबाईची. सासूनं दिलेला मान! तिची मूठ पडल्याशिवाय गावात कुणी बी मातीत टाकत नसे. तेव्हा पाऊसही शहाणा होता हो — हस्ताचा पडला, की पाहुण्यासारखा निरोप घेऊन जायचा. आता? निरोप घेतो, आणि चपला विसरल्या म्हणून परत येतो!

त्या वर्षी बैल सजले, नारळ फुटला. हौसाबाईनं ओंजळीत शाळू घेण्याआधी सहज वाकून मातीत हात घातला. वर कोरडं, खाली चिखल. गोळा वळला, टाकला — फुटेना. वाफसाच नाही, माती पेरणीजोगी सुकलीच नव्हती. वर ढग रेंगाळलेले. पेरावं, तर बी कुजणार. थांबावं, तर हंगाम निघून जाणार. वर्षाची भाकरी आणि गुरांचा कडबा, दोन्ही हातची जाणार.

"मी आज मूठ धरत नाही," ती म्हणाली.

धाकटा दीर केरबा हसला. "वहिनी, थकलात तर तसं सांगा. हात आम्हालाही आहेत."

"धरा भाऊजी. मी अडवत नाही."

केरबानं मूठ धरली, गाव पेरत सुटलं. अंकुर वर आले — हिरवेगार! बाया विहिरीवर केरबाच्या हाताचं कौतुक करू लागल्या, तेही हौसाबाईला ऐकू जाईल असं. तिची सून घरात डोळे पुसायची. हौसाबाईचाही जीव हलला: आपणच चुकलो तर? बघा मंडळी, तिला काही साक्षात्कार झाला नव्हता. गावाचं हसू सोसत ती रोज फक्त माती चाचपत होती.

मग पाऊस परत आला. रानात पाणी तुंबलं, कोवळे कोंब कुजले. केरबा लाजेनं घराबाहेर पडेना.

वाफसा आला, तशी हौसाबाई बियाची टोपली डोक्यावर घेऊन त्याच्याच दारात उभी राहिली.

"भाऊजी, तिफण जुंपा."

"वहिनी, मूठ तुम्हीच धरा आता."

"नाही, तुम्हीच. पण आधी वाकून माती बघा. सासूबाईंनी मला बघायला शिकवलं होतं. मी इतकी वर्षं नुसता दिवस धरून बसले."

काय बाई म्हणावी! गेलेला मान चालत परत आला होता, आणि तिनं तो देऊन टाकला. घरचं बीही गावात वाटलं. पीक उशिराचं, थोडं कमीच आलं. पण चुली पेटत्या राहिल्या.

आता तुमचं सांगा. तुमच्या घरातही कुणी म्हणत असेल — यंदा थांबू, यंदा वेगळं पेरू. हसलात ना त्याला? उत्तर मला नको. घरी गेलात की त्याच्याशेजारी बसा, आणि एकदा नीट विचारा, "तुला काय दिसलं?"