सहा वेढे

आर्वो : तुटली.

मिरेय : परत?

आर्वो : परत. तिथंच. स्क्रूच्या खाली.

रेआल : तीन झाल्या, दाजी. आता पोरीचं हे ई-सिगारेटचं दुकान धुऊन न्यायचं ठरवलंय का?

मिरेय : तारेचं रीळ दहा मीटरचं आहे, रेआल. तुमच्या दाजींच्यानं संपत नाही. आर्वो, स्क्रूड्रायव्हर ठेवा खाली. इकडं बघा. वेढे तर सुरेख झालेत. तीन मिलिमीटरच्या दांडीवर सहा वेढे, एकमेकाला खेटून, एकही वाकडा नाही. वर्षभर येणाऱ्या पोरांना असे जमत नाहीत.

आर्वो : वेढ्यांचं कौतुक नको. का तुटते, ते सांग.

मिरेय : तुम्ही स्क्रू पिळताय म्हणून. तार शिवणाच्या दोऱ्याएवढी. स्क्रूनं तिला नुसतं धरायचं असतं, तुम्ही कापून टाकताय. टेकला की थांबा.

आर्वो : टेकला हे कळायला हवं ना.

मिरेय : बोटाला कळतंच की.

रेआल : कळलं असतं तर! दाजी, दाखवा हिला हात.

आर्वो : तू गप रे.

रेआल : बघ ही बोटं. तीन तर मेणबत्तीसारखी पांढरी. एकोणतीस वर्षं निकेलच्या खाणीत खडकाला भोकं पाडली यांनी, ते धडधडणारं ड्रिल धरून. आम्हा सगळ्यांनाच थोडंफार झालंय, यांना जास्त. थंडी पडली की शर्टाची बटणं माझी बहीण लावून देते.

आर्वो : झालं सांगून? आता बाहेर ट्रकमध्ये जाऊन बस.

रेआल : बाहेर गार आहे.

मिरेय : मला वाटलं, हात गारठलेत म्हणून... बरं, मग यावर सोपा उपाय आहे. मी डझनभर कॉइल करून डबीत घालून देते. तासाभराचं काम.

आर्वो : आणि बसवणार कोण? स्क्रू तेच, हात तेच.

मिरेय : मग तयार कॉइलवालं यंत्र घेऊन जा. फिरवून बसवायची, तार नको, स्क्रू नको.

आर्वो : गेल्या वर्षी शिकारीच्या कॅम्पला तेच नेलं होतं. तूच दिलं होतंस, चार कॉइल्स देऊन.

मिरेय : मग?

आर्वो : थंडीनं रस घट्ट झाला. कॉइलमधल्या कापसात उतरेना. कोरडा कापूस जळतो, तू सांगतेस तसाच जळला. पहिल्या दिवशी एक गेली, दुसऱ्या दिवशी दोन. चौथी पहिल्यापासूनच गळत होती. तयार कॉइलमधला कापूस बदलता येत नाही. ती फेकायची, बस्स. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या हातात बंद पडलेलं यंत्र, आणि आजूबाजूला पाच माणसं सिगारेटी ओढतायत.

मिरेय : आणि तुम्ही ओढलीत.

आर्वो : एक. मग घरी आल्यावर रोजची दोन पाकिटं. आठ महिने.

रेआल : पाकीट मी पुढं केलं होतं.

आर्वो : मी घेतली. तू काही तोंडात कोंबली नव्हतीस.

मिरेय : आता किती दिवस झाले सोडून?

आर्वो : एकशे बारा.

मिरेय : आणि कॅम्पला निघायचं कधी?

रेआल : उद्या पहाटे पाचला. ट्रक भरलाय, बोट लावलीय, मूस हरणाच्या शिकारीचं लायसन्स माझ्या खिशात. रस्ता संपला की तळ्यावरून दीड तास. दहा दिवस. तिथली वाफ घ्यायची खोली, सौना, दाजींनीच बांधलीय. एक्केचाळीस वर्षांत एक शिकार चुकली नाही यांची.

आर्वो : आज हे जमलं नाही तर माझी बंदूक ट्रकमधून उतरवायची.

रेआल : दाजी, असं काय बोलताय!

आर्वो : घरी तुझ्या बहिणीला, मिल्ड्रेडला, तसं सांगून आलोय. तिनं ‘जाऊ नका’ म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. नुसती माझे मोजे गुंडाळत बसली.

मिरेय : ठीक आहे. चौथी घ्या. दांडीवर गुंडाळा. हां. तारेचे दोन्ही पाय एकाच बाजूला काढा. आता यंत्राच्या या दोन खांबांत घाला आणि दांडी आतच राहू दे, म्हणजे कॉइल हलणार नाही. पाय लांबच ठेवा, एवढ्यात कापू नका.

रेआल : एक विचारू? एकोणतीस वर्षं निकेल काढलं या माणसानं, आणि तू त्याला लोखंडाची तार देतेस? आपल्या गावची तार नाही का मिळत?

मिरेय : मिळते. नुसत्या निकेलची तार या यंत्रात घातली तर शॉर्ट समजून ते चालूच होत नाही. आणि कुठल्या साध्या यंत्रात झालीच चालू, तर भसकन तापते. असल्या यंत्राला ही लोखंड-क्रोमची बरी. तापली तरी हिचा रोध फारसा बदलत नाही.

रेआल : म्हणजे निकेल आमच्यासारखंच. कामाला बरं, घरात नको.

मिरेय : आर्वो, आता स्क्रू. मी तुमच्या मनगटाला हात लावू? मी म्हणेन तेव्हा थांबा.

आर्वो : नको. तिथं तू नसशील.

मिरेय : मग मोजून फिरवा. तार दबायला लागली की त्यापुढं पाव फेरा.

आर्वो : दबायला लागली हे कशानं कळणार? फिरून आपण तिथंच आलो.

मिरेय : भिंग देऊ?

आर्वो : कंदिलाच्या उजेडात भिंग काय दाखवणार? जनरेटर जेवणानंतर बंद होतो. रेआल.

रेआल : हं.

आर्वो : शिफ्टवर उतरलो की पहिलं काम कोणतं असायचं?

रेआल : मुकादमाला शिव्या.

आर्वो : त्याच्यानंतर.

रेआल : त्याच्यानंतर छत ठोकायचं. लांब पहार घेऊन.

मिरेय : ते कशाला?

रेआल : रात्रीच्या सुरुंगानं वरचा खडक कुठं सुटलाय ते दिसत नाही ना. पहारीनं ठोकायचं आणि ऐकायचं. टण्ण वाजलं तर पक्का. ढब्ब वाजलं तर सुटलेला, पाडून टाकायचा, नाहीतर तो तुम्हाला पाडतो. दाजींचा कान सगळ्या लेव्हलवर प्रसिद्ध. यांनी ‘मागं सरका’ म्हटलं की इंजिनिअरसुद्धा सरकायचा.

आर्वो : पोरी, तुझा तो चिमटा दे. नाही, पांढऱ्या टोकाचा नको. लोखंडी.

मिरेय : काय करताय?

आर्वो : तारेचा हा पाय खांबाबाहेर बोटभर लांब आहे. त्याला टिचकी मारतो. ऐक.

मिरेय : मला काही ऐकू आलं नाही.

आर्वो : पुढं दुकानात ते गाणं कोण लावून गेलंय? बंद कर. रेआल, तू श्वाससुद्धा घेऊ नकोस.

रेआल : आत्ता मी काय बो—

आर्वो : रेआल.

(गाणं बंद होतं. तारेवर चिमट्याची टिचकी, स्क्रूचा थोडा फेरा, पुन्हा टिचकी.)

आर्वो : खडखडतेय. सुटी आहे.

मिरेय : हो. आता आलं मला.

आर्वो : थोडा फेरा... अजून ढब्बच. अजून थोडा... आता?

मिरेय : किंचित बारीक झाला आवाज.

आर्वो : अर्धवट धरलीय. केसभर अजून. ...हां. हे बघ. टिन्न.

मिरेय : थांबा!

आर्वो : थांबलोच आहे.

मिरेय : ओढून बघते चिमट्यानं... नाही सुटत. तुटलीही नाही. दुसरा पाय.

आर्वो : तू बोलू नकोस.

मिरेय : नाही बोलत.

आर्वो : ढब्ब... ढब्ब... थांब... टिन्न. झालं.

रेआल : आता श्वास घेऊ का?

मिरेय : घ्या. आर्वो, आता पाय कापा, स्क्रूला अगदी लागून. टोक राहिलं आणि वरच्या टोपीला टेकलं की शॉर्ट. दांडी काढा. आता बॅटरीआधी मीटर, तारेचा रोध मोजायला. नेहमी मीटर आधी. घरी, कॅम्पवर, कुठंही. किती दाखवतोय?

आर्वो : पॉइंट आठ. हलतोय... पॉइंट आठवर थांबला.

मिरेय : सहा वेढ्यांना एवढंच यायला हवं. आकडा नाचत राहिला असता तर स्क्रू ढिला समजायचा. आता यंत्रावर चढवा, कमी पॉवरवर, बटण दाबा आणि लगेच सोडा. काय दिसतं?

आर्वो : डाव्या टोकाचा एक वेढा आधी लाल होतो. बाकीचे मागून.

मिरेय : तो एकटाच तापतोय. बटण सोडून ठेवा, आणि आता पांढऱ्या टोकाच्या चिमट्यानं सगळे वेढे हलकेच दाबा. पांढरं टोक वीज नेत नाही. पुन्हा बटण.

आर्वो : मधून. मधून लाल होऊन दोन्हीकडं पसरतेय.

रेआल : दाखवा... आई शप्पथ. एवढुशी भट्टीच आहे की.

मिरेय : आता कापूस. टोक पिळून आत घाला. ओढताना थोडं अडलं पाहिजे, पण कॉइल वाकता कामा नये. थंडीत जाताय तर नेहमीपेक्षा जरा कमीच भरा, म्हणजे घट्ट रस वाट काढेल. आणि बाटली रात्री उशाशी घेऊन झोपा, टेबलावर ठेवू नका.

रेआल : माझ्या बहिणीला सांगतो, उशाशी कोण असतं ते.

आर्वो : रस घातला. भिजलाय. ओढू?

मिरेय : मिनिटभर थांबा, पुरता मुरू दे. ...आता.

रेआल : काय? काय झालं? जळकट लागतंय का?

आर्वो : नाही.

मिरेय : मग तोंड असं का केलंत?

आर्वो : चांगली लागतेय.

मिरेय : बाई गं, घाबरवलंत मला! चला, झालं. रीळ, कापूस, चिमटे, पक्कड आणि मीटर पिशवीत घालते. बंदूक राहू दे ट्रकमध्ये. अहो, अहो! काय करताय? स्क्रू का सोडताय?

आर्वो : मोडतोय.

मिरेय : चालू कॉइल आहे ती! सकाळपर्यंत मजेत चालेल.

आर्वो : ही इथं झाली. खुर्चीवर बसून, वरून पांढरा दिवा, समोर तू सांगायला. एकदा झाली म्हणजे जमली असं नाही. मिल्ड्रेडला काय सांगू, एकदा झाली म्हणून?

रेआल : दाजी, बाहेर चार वाजलेत. अजून बोटीचं पेट्रोल भरायचंय.

आर्वो : पेट्रोल कुठं पळत नाही. पोरी, या मागच्या खोलीला खिडकी नाही, ते बरंय. तुझ्याकडं टॉर्च आहे?

मिरेय : आहे. मिणमिणता.

आर्वो : मिणमिणताच हवा. तो तिकडं कपाटावर ठेव. आणि वरचा दिवा घालव.

मिरेय : अंधारात तुमचं काय चुकतंय ते मला दिसायचं नाही.

आर्वो : तेच पाहिजे.

मिरेय : आणि तुटली तर?

आर्वो : सहावी करीन. सातवी करीन. तू दुकान कधी बंद करतेस?

मिरेय : सहाला. पण तुम्ही बसा, मी कुठं जात नाही.

आर्वो : वेढे झाले. पाय आत घातले. घालव दिवा.

रेआल : थांब, तू बस. बटण कुठंय? मी घालवतो.