साडेसहा सेकंद

— नाही मॅडम, वेग वाढला तो पिवळ्या पट्ट्यांमुळे नाही, ते लिहू नका. जमिनीवर रंग फासला, टेबलं सरकवली, भिंतीवर तक्ते टांगले, की माणूस भराभर पत्रा कापायला लागतो, असं वाटतं तुम्हाला? वाटतच असेल, शिकलेल्या आहात. मी कॉलेज सोडलं, डोकं नाही सोडलं. — बसा ना, स्टूल पुसलेलं आहे, तुम्ही येणार म्हणून मामांनी काल पुसून घेतलं. मामा म्हणजे इथले फोरमन, माझे सख्खे मामा, सांगायला लाज वाटते. मालकासमोर हलवून हलवून मानच ढिली झालीय त्यांची. तर तुम्ही सल्लागार म्हणून सुचवलेल्या त्या सुधारणा झाल्यावर घड्याळ लावून मोजलं मी — नऊ सेकंदाला एक नग. आधी किती? नऊच! मामा म्हणाले, "आता वर काय तोंड दाखवू? बघ काहीतरी, तुझं डोकं चालतं." चालतंच! पत्रा कापायच्या त्या प्रेसला दोन बटणं आहेत, दिसतात? दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच ठोका पडतो — का? तर हात आत राहू नये म्हणून. एका बटणात लाकडाची पाचर ठोकली की ते दाबलेलंच राहतं, एक हात मोकळा. साडेसहा सेकंद. झाली तुमची सुधारणा.

कोणी ठोकली? ठोकली कोणीतरी. तासून-घासून, बटणात घट्ट बसेल अशी... मीच. टाळ्या वाजवल्या हो सगळ्यांनी! आणि प्रेसवरचा माणूस काय म्हणाला? "पोराने कष्ट वाचवले माझे." — हो, बाबाच ते. त्यांचाही संतापच येतो. सत्तावीस वर्षं त्या जबड्यात हात घालताहेत आणि कौतुक कशाचं, तर पाचरीचं! परवा म्हटलं, काढतो ती. तर म्हणे, राहू दे, तुझ्या मामाने वर शब्द दिलाय. शब्द मामाचा, बोटं कोणाची?

तुम्ही लिहा ना — पाचर, असं स्पष्ट. तुमचं ऐकतील. काय? रकाना नाही? 'इतर'मध्येही बसत नाही? वा! मग मोजता कशाला? उठा, मिटवा ती वही, निघा. मला नाही लागत तुमचा तक्ता, तो ठोका पाठ झालाय मला, झोपेतही मोजतो. ऐका, आत्ताही बाबाच आहेत प्रेसवर — ठप्प. ... पाच, सहा, साडेसहा — ठप्प. बघितलंत? ... पाच, सहा, साडेसहा... सात... आठ —

बाबा?